‘बहुतेक’ला कोड नाही

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
नवीन वही. आजपासून रोज लिहायचं. आमच्या मेडिकल कोडिंगमधला पहिला नियमच हा: लिहिलेलं नाही ते झालेलं नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरने पेशंटचा पाय कापला आणि रिपोर्टमध्ये लिहायला विसरला, तर पाय जागेवर आहे. मी जव्हारच्या या खोलीत बसून त्या रिपोर्टला कोड लावतो, मग तिकडे बिल निघतं. आईला अजून वाटतं मी रिचार्ज मारतो.
संकल्प: एप्रिलपर्यंत योगिताशी लग्न ठरवणे. ती सूर्यमाळची, मोखाड्याला दवाखान्यात नर्स. म्हणजे एकाच लाईनची माणसं.

९ फेब्रुवारी, रविवार
योगिता खरेदीला जव्हारला आली होती. स्टँडवर गाठून लग्नाचं विचारलं. ती हसली आणि म्हणाली, बहुतेक हो.
घरी येऊन विचार केला. आमच्यात ‘बहुतेक’ला कोड नाही. रिपोर्टमध्ये ‘बहुतेक न्यूमोनिया’ आलं तर न्यूमोनिया लावायचा नाही, नुसता खोकला लावायचा. त्या हिशोबाने आज एवढंच झालं: योगिता हसली.

१० फेब्रुवारी
आईला सांगितलं. ती लगेच म्हणाली, अरे मग हो म्हणाली की, चल उद्याच मागणी घालू. समजावलं, घाई केली की विमा कंपनीकडून क्लेम परत येतो. आई म्हणाली, पोरगी आहे का क्लेम आहे. तिला कोर्स केल्याशिवाय कळणार नाही.

१७ फेब्रुवारी
शंका असली की डॉक्टरला क्वेरी पाठवतात. त्यात उत्तर सुचवायचं नसतं, ऑडिटमध्ये मार्क जातात. फॉर्म बनवला: ‘दि. ९ च्या विधानाबाबत खुलासा करावा. १) होकार २) नकार ३) सांगता येत नाही ४) इतर.’ खाली सही, तारीख. वर ‘प्रिय’ लिहिलं होतं, खोडलं. सुचवल्यासारखं होत होतं.
सहीचा कागदच पाहिजे, म्हणून व्हॉट्सॲप नको. हेमंतच्या हाती पाठवला. शाळेपासूनचा मित्र. मोखाडा-सूर्यमाळ जीप चालवतो, योगिता रोज त्याच्याच जीपने घरी जाते. भरवशाचा माणूस.

२० फेब्रुवारी
उत्तर आलं. ‘इतर’वर टिक. पुढे लिहिलंय, घरी येऊन विचार, भाकरी खाऊन जा. तारीख नाही. सहीच्या जागी फूल काढलंय. फुलाला सही कसं म्हणायचं? झेरॉक्स ठेवून घेतली, मूळ प्रत शेरा मारून परत पाठवली: अपूर्ण, दुरुस्त करून पाठवावे.
हेमंत म्हणाला, अरे बाबा, जा की तिच्या घरी, मी सोडतो, भाडंही देऊ नको. मनाने भला आहे, पण टेक्निकल नाही.

६ मार्च
उत्तर नाही. रिमाइंडर पाठवला.
ठाण्याहून टीम लीड प्रतिभा मॅडमचा फोन. म्हणाल्या, तुम्ही फार क्वेरी काढता, डॉक्टर वैतागलेत, समोर स्पष्ट दिसतंय ते तरी लावत जा. मॅडमना अनुभव कमी पडतो.

२३ मार्च, रविवार
सूर्यमाळच्या विहिरी आटल्या. हेमंत एक दिवसाआड योगिताच्या घरी जीपमधून पाण्याचे ड्रम पोचवतोय म्हणे. विचारलं, कुठे नोंद ठेवतोस का? नाही म्हणाला. मग नोंद नाही म्हणजे पोचवलंच नाही. फुकट गेलं बिचाऱ्याचं डिझेल.

३० मार्च, पाडवा
हेमंत आला. चहा नको म्हणाला. म्हणाला, धनेश, सरळ सांग, योगिताचं आणि तुझं पक्कं आहे का? नसेल तर... मी सांगितलं, केस पेंडिंग आहे. त्याने विचारलं, पेंडिंग म्हणजे हो का नाही? मी म्हटलं, पेंडिंग म्हणजे पेंडिंग. बराच वेळ बसून होता. माझी फार काळजी करतो.

६ एप्रिल, रविवार
हेमंत आईवडिलांना घेऊन योगिताच्या घरी जाऊन आला. माझ्यासाठी शब्द टाकायला गेला असणार. मोठी माणसं नेली की वजन पडतं. सोबत एक कोरा फॉर्म द्यायला हवा होता, राहून गेला.

१२ एप्रिल
दुसरा रिमाइंडर, नव्या फॉर्मसह. नवा शर्ट घेतला. आईला म्हटलं तूही साडी घेऊन ठेव. ती नाचणीचं पीठ चाळत होती, चाळतच राहिली.

२० एप्रिल, रविवार
हेमंत पत्रिका घेऊन आला. हेमंत आणि योगिता, ४ मे, सकाळी ११ वाजून १० मिनिटं, सूर्यमाळ. मान खाली घालून उभा होता. बस म्हटलं तर बसला नाही, पत्रिका ठेवून गेला.
आत माझा फॉर्म, घडी घातलेला. ‘नकार’वर टिक. तारीख आहे. पूर्ण नावाने सही आहे. तीनदा तपासला, त्रुटी निघाली नाही.
मग ती फुलाची झेरॉक्स काढून बघितली. पाकळ्या नीट उठलेल्या नाहीत. मूळ कागदावर सात होत्या, तेव्हा मी मोजल्या होत्या.
आई शेजारी येऊन बसली. विचारलं, वाईट वाटतंय का रे?
म्हटलं, बहुतेक.
तिने उठून चहा ठेवला.