केसरबाईंची नखं

५ फेब्रुवारी १९९५, रविवार

आधी टपकली शेजारची शेवंताबाई! विशाखासाठी धुळ्याचं स्थळ तिनेच आणलेलं, म्हणजे चहाचा पहिला कप तिचाच. मग मुलाची आई केसरबाई. त्यांच्या पाठोपाठ मुलाचे वडील लोटननाना जय भीम घालत आले. मुलगा आलाच नाही — ऑफिसात सुट्टी नाही म्हणे. बरोबरच आहे, त्याचं काय काम? लग्न फक्त त्याचंच आहे!

पुढच्या खोलीत आमच्या विशाखाचं पार्लर. जळगावातला अर्धा पिंप्राळा माझ्या नातीच्या हातून नटतो! नाना तिथल्या आरशाकडे बघून म्हणाले, "पोरगी चांगली शे. पण लग्नानंतर हे बंद. आमची सून लोकांचे हातपाय धरत बसणार नाही." विशाखाचा चेहरा पडला. केसरबाई मात्र नेलपॉलिशच्या बाटल्यांकडे बघत होत्या. नजर हलेना बाईची.

८ फेब्रुवारी, बुधवार

केसरबाई एकट्याच आल्या! बहिणीचे गुडघे दुखतात म्हणून जळगावला आल्या म्हणे. गुडघे बहिणीचे, आणि या येऊन बसल्या आमच्या खुर्चीत. हात पुढे — "लाव व माय, लाल लाव."

लोकांचे हात धरायचे नाहीत. यांचे धरले तर चालतात!

१५ फेब्रुवारी, बुधवार

केसरबाईंचा दारातूनच आरडाओरडा, सगळा रंग गेला म्हणून — "मना नखंवरना बठ्ठा रंग निंघी ग्या! कसलं पार्लर हे?" आत दोन गिऱ्हाइकं बसलेली. एक उठून गेलं.

मी तोंड उघडणार, तर विशाखानं डोळे वटारले. होणारी सासू ना! बाटली जुनी असेल म्हणून तिनं नवी फोडली. नखाला तेल असेल म्हणून स्पिरिटनं पुसलं. पातळ दोन हात दिले, पहिला सुकल्यावर दुसरा. नखाच्या टोकाच्या कडेवरूनही ब्रश फिरवला. लवकर सुकावं म्हणून मी सुपानं वारा घालायला लागले, तर तिनं सूपच काढून घेतलं — "आजी, धूळ बसते!"

१६ फेब्रुवारी

विशाखानं त्याच बाटलीतला रंग माझ्या नखांना लावला. म्हणे, बघू निघतो का. मी राखेनं भांडी घासली, भाकरी थापल्या, गोधडी धुतली. टिकला!! या वयात लाल नखं! दिसतात इतकी झकास की लिहिताना अक्षर सोडून तिकडेच बघते.

१९ फेब्रुवारी

शेवंताबाई विचारते, "अक्का, हे काय थेर?" म्हटलं, "स्थळ बघतेय मी. आहे का एखादं?"

माझा रंग अजून तसाच. मग या धुळ्याच्या महाराणी काय दगड फोडतात?

२२ फेब्रुवारी, बुधवार

आल्या. पुन्हा नखं उघडी. विशाखानं त्यांचा हात धरून खिडकीशी नेला. हळूच म्हणाली, "काकू, रंग आपोआप निघाला तर पापुद्रा सुटतो. या रेघा आहेत. ब्लेडच्या."

केसरबाईंनी पदरानं डोळे पुसले. "धुळं यायच्या आधी एसटीतच खरवडते. मग पुन्हा लावून घ्यायला तक्रारीचं निमित्त. नव्या नवरीपणी एकदा लावलं होतं. नानांनी जेवणाचं ताट सरकवलं, दोन दिवस जेवले नाहीत."

बाईला सुनावायला इतकं जमवून ठेवलं होतं मी! त्याऐवजी पाण्याचा तांब्या पुढे केला.

मग माझी नात बोलली. आवाज जराही चढला नाही. "आजही लावून देते. पण रविवारी हाच रंग नखांवर ठेवून या, एसटीत नानांच्या शेजारी बसून. ज्या घरात सासूला नखं खरवडावी लागतात, तिथे माझं पार्लर काय टिकणार? नाही आलात तर माझा नकार समजा."

पोरगी आहे का कोर्ट! छाती भरून आली माझी.

२६ फेब्रुवारी, रविवार

पोहे भिजवले. कोणी आलं नाही.

शेवंताबाई आली ना! "पोरीनं हातानं स्थळ घालवलं," म्हणाली आणि बशीभर पोहे खाऊन गेली. दुःख फार झालं असणार. विशाखा दिवसभर पुसलेल्या बाटल्याच पुन्हा पुसत होती. "चुकलं का गं आजी?" मी नाही म्हटलं. रात्री झोप नाही.

२७ फेब्रुवारी, सोमवार

केसरबाई आल्या. पिशवीत दोन लुगडी. दहाही नखं लाल! काल इकडे निघताना नाना म्हणाले, "रंग काढ, नाहीतर घरात राहू नको." या पिशवी भरून निघाल्या.

आत विशाखाशेजारी झोपल्यात. मुलाचा शेवंताबाईकडे फोन आला — आईला न्यायला आणि लग्नाचं बोलायला तो नानांना घेऊन गुरुवारी येतो.