सोंगात बोललेले

मालवण, चैत्र, १९६१

तीर्थस्वरूप अप्पा यांस सदानंदाचा दंडवत.

आपला गुडघा आणि वहिनींचे पित्त दोन्ही शांत असावेत. (पित्ताला माझा वेगळा नमस्कार सांगा.) आपली बहीण सीता खुशाल असून माझ्यावर ओरडण्याइतकी ताकद बाळगून आहे.

पत्रास कारण की, मी पेशंट झालो. घाबरू नका, सोंग होते. इथल्या दवाखान्यात नर्सिंग शिकणाऱ्या पोरी आल्या आहेत. खऱ्या रोग्याला हात लावण्याआधी खोट्यावर सराव करावा, असा डॉक्टरीणबाईंचा नेम. त्यांचा निरोप आला की, दशावतारातले राजे आहात, जरा आजारी पडा. अपमानच वाटला (इतकी वर्षे मुकुट घालून मी कधी खाटेवर पडलो नाही, मेलो तोही गाणे पुरे करून), पण प्रेक्षक म्हटले की आमचे पाय घरात ठरतात थोडेच!

मला हिवताप दिला होता. मी असा कुडकुडलो की खाट करकरू लागली. पण आमची रीत तुम्हाला ठाऊक आहे. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. कथा ठाऊक असली की पुढे तोंडाला येईल ते बोलायचे. समोर नर्मदा नावाची शिकाऊ नर्स बसली. पोरगी हळू विचारायची आणि उत्तर पुरे ऐकून घ्यायची. (घरात हा अनुभव मला नाही.)

"खोकलो कधीपासून आसा?" तिने विचारले. हिवतापात खोकला कुठून आला, हे विचारायचे सोडून मी म्हणालो, "दिवाळीपासून."

"रातचो घाम येता?"

"येता."

"थुकीत रगत?"

मी रंगात आलो होतो, अप्पा. म्हणालो, "येता. घरात कोणाक सांगूक नाय."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाईंनी वाजवल्या नाहीत. त्यांनी एक डबी पुढे केली आणि थुंका म्हणाल्या. राजाला असा हुकूम करणारी ही पहिलीच बाई.

क्षय निघाला. सोंगातला नव्हे, माझा. पण बाई म्हणतात, आता इंजेक्शने आणि गोळ्या आहेत, न चुकवता घेतल्या तर माणूस बरा होतो. आणि मी होणार. मुकुट दुसऱ्या कोणाच्या डोक्याला बसत नाही.

आपला,
सदानंद

ता. क. खरे काम असे की, सीतेला अजून सांगितलेले नाही. आजवर इतके राक्षस मारले, पण हिच्यासमोर तोंड उघडत नाही. काहीतरी निमित्त काढून या आणि तुम्हीच सांगा.

ता. क. दुसरा. दादा, मी सीता. पाकिटाक खळ लावूक ह्यांनी माझ्याकडे दिल्यानी, म्हणान वाचलंय. माका सांगूक कोण नको. ह्यांचे रुमाल मीच धुतंय. इचारलंय तर पानाचो डाग म्हणत. म्हणान मीच डॉक्टरीणबायकडे गेलंय आणि म्हटलंय, ह्यांका आजारी माणसाचा सोंग देवा, सोंग घेतल्यार हे खोटा बोलणत नाय. तुमी मात्र येवा. सुई बघून हे पळतत, दोघांनी धरूक व्हया.