ओरेस्तेने बांधलेला शेवटचा सलामा

फेरारा,
३ सप्टेंबर १९८८

चि. सौ. झाइरास,
नॉर्माचे अ. उ. आ.

त्या सकाळी मी चादरी खिडकीत वाळत टाकल्या, जिना पुसला, पाव घेऊन आले आणि कॉफी शेगडीवर ठेवून तळघराच्या दारातून खाली हाक मारली. तुझा भाऊ सलामे बांधत होता. पिशवीत भरून वर्षभर टांगायचं ते डुकराचं मांस आदल्या दिवसापासून लाल वाइन, लवंग आणि दालचिनीत मुरत होतं. तो खालून ओरडला, की गाठ अर्ध्यावर सोडली तर सगळं सैल पडतं, कॉफी निवू दे. मी म्हटलं, निवलेली कॉफी पिऊन वर मलाच बोल लावशील. जानेवारी होता, बाहेर धुकं होतं, चादरी काही वाळल्या नाहीत. महिना संपायच्या आत तो गेला.

हे आज लिहायचं कारण तुझंच पत्र. इतक्या वर्षांनी ऑक्टोबरात येतेस, हे वाचून आनंद झाला. खोटं कशाला लिहू, दमायलाही झालं. माणूस येणार म्हटलं की आधी गाद्या उन्हात घालाव्या लागतात. पण ये. किल्ल्यावर जाऊ, गावाच्या तटावरून चक्कर मारू. झाडं आता खूप मोठी झाली आहेत, तुला ओळखू यायची नाहीत. भोपळ्याचं सारण भरून कापेल्लाच्ची मी घरीच करीन. पिळाचा पाव तिकडे मिळत नाही म्हणून तू दर पत्रात रडतेस, तो रोज सकाळी ताजा आणीन.

एवढंच, की पत्राच्या शेवटी तू त्याने बांधलेला सलामा शिजवून मागितला आहेस, तो मागू नकोस. त्याच्या हातचा एकच सलामा उरला आहे. बाकीचे मी तो गेला त्या वर्षीच्या नाताळात शेजारी वाटून टाकले, माझ्या घशाखाली उतरले नसते. तुझ्यासाठी बाजारातून दुसरा आणते, चांगला मिळतो. नाहीतर हा बांधून देते, घेऊन जा. माझ्या हाताने तो पातेल्यात पडायचा नाही.

रात्री हातात पुस्तक असतं, पण पान उलटायच्या आत डोळा लागतो आणि लगेच उघडतो. जावईबापूंना नमस्कार. माया आहेच, ती तशीच ठेव.

तुझी
नॉर्मावहिनी

ॲडलेड,
१६ सप्टेंबर १९८८

ती. नॉर्मावहिनीस,
झाइराचा सा. न. वि. वि.

घेऊन जा म्हणे! अगं, इथल्या विमानतळावर माझ्या शेजारणीच्या पर्समधलं सफरचंदसुद्धा काढून घेतलं. माझ्या भावाचा सलामा ते भट्टीत घालतील आणि वर मलाच दंड करतील. आणि बाजारातला सलामा खायला मी अर्धी पृथ्वी ओलांडून येत नाही.

किल्ला मी पाहिलेला आहे. त्याच्या खंदकात लहानपणी माझी एक चप्पल पडली होती. ओरेस्तेने माझ्या पायातली दुसरीही काढून पाण्यात टाकली. म्हणाला, एकटी राहिली तर ती रडेल. घरी मार मात्र मी खाल्ला. तुला सांगितलं होतं का त्याने कधी? नसणारच.

वहिनी, चिडू नकोस, पण एकदा लिहूनच टाकते. तुझ्याकडे त्याचा कोट आहे, त्याची सायकल आहे, सायकल मारली की पोचता येईल अशा अंतरावर त्याची कबर आहे. माझ्याकडे काय आहे? एक तार. मला तिकीट मिळेपर्यंत तुम्ही माती देऊन घरी परतला होतात. तुला दोष देत नाही, विमानं काही तू चालवत नाहीस. पण त्याच्या हातचा एक घास तरी माझ्या वाट्याला येऊ दे. सलामा खाण्यासाठी बांधतात, बघत बसण्यासाठी नाही. आता तिकडे तिसरा उन्हाळा सरतोय. आणखी ठेवलास तर दगड होईल. तळघरात जाऊन जरा दाबून तरी बघ.

येताना तुला लोकर आणते. रंग कळव, काळा सोडून.

रागावलीस तरी दार उघडशील एवढा लोभ असू दे.

तुझी
झाइरा

फेरारा,
१ ऑक्टोबर १९८८

चि. सौ. झाइरास,
अ. उ. आ.

दाबून बघायला मला तळघरात जावं लागत नाही. सलामा स्वयंपाकघरात आहे, शेगडीशेजारच्या खिळ्याला. ओरडू नकोस. सलामा गारव्यात आणि अंधारात टांगतात, हे या गावात दूधपित्या पोरालाही माहीत असतं. पण पहिल्या हिवाळ्यात मला तळघरात उतरवेना, म्हणून एकदाच जीव मुठीत धरून गेले आणि त्याला वर घेऊन आले. भांडी घासताना समोर दिसायचा. बरं वाटायचं.

काल तुझं पत्र वाचून बोट लावलं. चरबी सुटून पिवळी पडली आहे, दोरी चिकट झाली आहे. बहुधा बिघडलाच असेल. उघडला तर कळेल, आणि ते मला कळायला नको आहे. उघडला नाही तर तुला काही मिळत नाही, हेही समजतं. माझ्याने काही ठरवणं होत नाही गं.

ये. गाद्या उन्हात घातल्या आहेत. लोकर करडी चालेल. माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

नॉर्मावहिनी

फेरारा,
३० ऑक्टोबर १९८८

चि. सौ. झाइरास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलीस, तार मिळाली. जावईबापूंना सगळं सांगायला बसलीस की रडू येतं, म्हणून मीच लिहून पाठवावं असं तू स्टेशनवर म्हणालीस. तर त्यांना हेच वाचून दाखव.

जावईबापू, तुमच्या बायकोने अंगातला कोट काढायच्या आधी स्वयंपाकघर गाठलं. सलामा पाहिला आणि म्हणाली, वहिनी, माझ्या भावाला तू शेगडीवर शेकत ठेवलंस, बाबा असते तर तुला माहेरी धाडलं असतं. मी म्हटलं, माहेर दोन गल्ल्यांवर आहे, आत्ता जाते. मग आम्ही दोघी खुर्च्या ओढून बसलो.

पुढे रोज मी तिला फिरवत होते. किल्ला, देवळं, टोकदार दगडांचा तो महाल, कमानीखालची खानावळ. खरं सांगायचं तर मी दिवस ढकलत होते. तिच्या ते लक्षात आलं होतं. जायच्या दोन दिवस आधी तिने मला न विचारता सलामा खिळ्यावरून काढला आणि कोमट पाण्यात भिजत घातला. मी पाहिलं. थांबवलं नाही.

सकाळी तो फडक्यात बांधला. पातेल्यावर काठी आडवी ठेवून तिला टांगला, तळाला लागू नये म्हणून. दुपार उलटेपर्यंत मंद आचेवर राहावा लागतो, पाणी आटलं की कढत पाणी घालायचं. घर सोडता येत नाही. आधी झाइरा तटावर फिरून आली. मग तिने मला घराबाहेर काढलं. म्हणाली, जा पाय मोकळे कर, मी काही तुझा नवरा पळवून नेत नाही. मी तटावर जाऊन एका बाकावर बसले. पाय दुखत होते. मनात काही आलं नाही, अगदी काहीच नाही.

परत आले तर जिन्यापर्यंत लवंग आणि वाइनचा वास होता. त्याच्या खाली जुन्या तेलाचाही होता. दोघींना आला. मी बटाटे कुस्करले, तिने सलामा वरून कापून चमचा आत घातला. कडेचं सगळं कडू झालं होतं, खवट, टाकावंच लागलं. तिचा चेहरा बघवेना. मीच चमचा घेतला आणि खरवडत गेले. मध्यभागी मूठभर काळंभोर, मऊ, ओलं उरलं होतं. त्याला काही झालं नव्हतं.

तिने घास घेतला आणि म्हणाली, लवंग जास्त झाली आहे. मी म्हटलं, लवंग तुमच्या बाबांच्या मापाची आहे. ती म्हणाली, बाबांनी असली चूक केली नसती, हे ओरेस्तेचंच काम, त्याच्या हाताला अंदाज म्हणून नव्हता. मी म्हटलं, मेलेल्या माणसाला नावं ठेवतेस? ती म्हणाली, तो माझा भाऊ आहे, मी ठेवणारच, जिवंत होता तेव्हाही ठेवत होते. आम्ही लवंगेवरून हमरीतुमरीवर आलो. जेवण निवलं. तो गेल्यापासून त्याच्याशी किंवा त्याच्यावरून कुणी भांडलंच नव्हतं, सगळे खालच्या आवाजात बोलायचे. शेवटचा घास दोघी एकमेकींकडे सरकवत राहिलो. अखेर मी म्हटलं, तू लांबून आली आहेस. तिने तो खाल्ला.

झाइरा, आता तुला एकटीला. तुझी गाडी सुटल्यावर मी घरी आले, पातेलं घासलं, दोरी धुऊन खिडकीत वाळत घातली. खिळ्याकडे पाहिलं, रिकामा होता. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही, नुसता थकवा आला. कपडे न बदलता आडवी झाले.

दुसऱ्या दिवशी दारावरची घंटा दोनदा वाजली तरी मी उठले नाही. दुपारपर्यंत झोपले.

अशीच भांडत राहा, त्यातच तुझी माया मला पोचते.

तुझी
नॉर्मावहिनी