वाढली म्हण

आई, काल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुझी ती बाय परत आली. तीच, फुलाफुलांचा फ्रॉक घालून येणारी, जिचं नि तुझं दर शुक्रवारी वाजायचं ती. मधली सगळी वर्षं ती मुलाकडे पोर्तुगालला होती. पार वाकली आहे, पण कापडी पिशवी तशीच कोपरात अडकवलेली. तुझ्या जागेवर मी बसलेली बघून तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "तुजी आवय खंय गो? आयज येवंक ना?" म्हणजे तिला ठाऊकच नव्हतं. तू जाऊन इतका काळ लोटला, आणि ही तू जरा चहा प्यायला उठून गेल्यासारखं विचारत होती. मी उगाच तांबड्या भाजीवर पाणी मारत बसले.

सांगायचं ते एका वाक्यात सांगून झालं असतं. पण ती तुझ्याकडे कशासाठी यायची ते मला माहीत होतं ना! भाजी काय, बाजारभर मिळते. आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलणं तर तुझ्या स्वभावातच नव्हतं. लग्नाआधी मी पर्वरीच्या एका मोठ्या दुकानात नोकरीला होते, तिथे आम्हाला शिकवायचे, गिऱ्हाइकाकडे बघून हसा. तुला त्यांनी पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं. नार्व्याहून पहिल्या बसनं टोपल्या घेऊन तू यायचीस, गोणपाट अंथरायचीस आणि कपाळाला आठी घालून बसायचीस. बायनं भेंडे निवडून पिशवीत टाकले की तू तिच्या पिशवीत हात घालून ते बाहेर काढायचीस. "दवर थंय! निबर आसात ते. दोळे खंय तुजे?" ती फणकारायची, "पयशे म्हजे, पोट म्हजें, तुका कितें गो?" मग टोपलीच्या तळातून तू तिच्यासाठी बाजूला ठेवलेले कोवळे भेंडे काढायचीस, आणि जाताना ती कागदात बांधलेला उंडा तुझ्या मांडीवर टाकायची. त्या पावाचं कुरकुरीत टोक तेवढं तू स्वतःला ठेवायचीस, बाकीचा सगळा मला.

मला मात्र तू भर बाजारात एकदाच ओरडलीस. मी तेव्हा शाळेत होते. कोणीतरी तांबडी भाजी मागितली आणि मी खणखणीत आवाजात म्हटलं, "संपली!" तू माझ्या मांडीला असा चिमटा काढलास की डोळ्यांत पाणी आलं. "संपली म्हणूं नाका गो. वाडली म्हण." घरातही तसंच. डब्यातले तांदूळ वाढायचे, करंड्यातलं कुंकू वाढायचं, फुटलेली बांगडी वाढायची, आपल्या घरात काही म्हणून कधी संपलं नाही. त्याच दुपारी एक परगावचे गृहस्थ आले. भाजी आहे का, म्हणाले. तू म्हणालीस, "वाडली." "वाढली? गेल्या आठवड्यात तर स्वस्त होती. थोडी कमी करा." "कमी कशी करूं? वाडली म्हणटां न्हय!" "म्हणून तर म्हणतोय, कमी करा." रिकाम्या टोपलीवर तुमची घासाघीस चालली होती आणि शेजारच्या केळीवाल्या पदर तोंडात कोंबून हसत होत्या. शेवटी घरासाठी झाकून ठेवलेली जुडी तू त्यांच्या हातात कोंबलीस आणि आम्ही त्या दिवशी नुसत्या सोलकढीवर जेवलो. हसता हसता तुला ठसका लागला होता. कपाळावरची आठी गेलेली मी तेव्हा पाहिली, आणि तू किती सुंदर दिसतेस ते मला तेव्हा कळलं.

काल हे सगळं डोक्यात चाललेलं असताना बाय सवयीनं खाली बसली आणि भेंडे निवडू लागली. तिला आता नीट दिसत नाही. जून जून बघून घेत होती. माझा हात कधी तिच्या पिशवीत गेला ते मलाच कळलं नाही. "दवर थंय! निबर आसात ते!" मी ओरडले. तिचा हात थांबला. माझ्या तोंडाकडे ती बघतच राहिली, मग पुन्हा तेच, पण हळू आवाजात, "आवय खंय गो?"

गेली म्हणायचं होतं. संपली म्हणायला तर जीभ वळलीच नसती. "आवय वाडली, बाये," मी म्हटलं.

तुझ्याकडून ऐकून ऐकून तो शब्द तिला कळायचा. तिनं छातीवर क्रूस काढला. मग माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि म्हणाली, "हय गो. दिसता."

आज तू अंगावर मांस चढावं तशी माझ्यात वाढल्यासारखं वाटतंय, आणि तुझी इतकी आठवण येते की काय सांगू. हा कागद मी टोपलीच्या तळाला, भाजीखाली घालायच्या रद्दीत ठेवणार आहे, तिथून तो जाईल तिथे जाईल.

एक मात्र कबूल करते. ती गेल्यावर तांबड्या भाजीची एक जुडी उरली होती. मी तिच्यावर ओलं फडकं टाकलं आणि मागायला आलेल्या दोघींना वाढली म्हणून सांगितलं. खोटं बोलले, ती कोणासाठी तरी राखायची होती. बाजार उठेपर्यंत वाटत होतं, आणखी कोणी येईल आणि तू कुठे आहेस म्हणून विचारील.