टाकीची उंची

६ जानेवारी १९९२, सोमवार
काल धुळ्याहून परतलो. गणित शिक्षकांचं ट्रेनिंग होतं. डोक्यात लख्ख उजेड पडलाय. मुलांना उत्तर सांगायचंच नाही, त्यांनी खटपट करून शोधायचं. आपण फक्त विचारायचं: काय माहीत आहे? काय काढायचंय? संकल्प: यापुढे वर्गात एकही उत्तर देणार नाही. भडगावजवळच्या या खेड्यात ऐन उमेदीची वर्षं सडली. गुरुवारी संस्थेचे इन्स्पेक्टर येताहेत. पाठ रंगला की जळगावच्या शाखेत बदली नक्की. बायकोला, सुनंदाला, सांगितलं. म्हणाली, आधी ऑर्डर तर येऊ द्या. तिला दूरचं दिसतच नाही.

७ जानेवारी
नववीला प्रश्न दिला: शाळेमागची पाण्याची टाकी किती उंच? वर चढायचं नाही, मोठ्यांना विचारायचं नाही. मंजुळाने विचारलं, काठीच्या सावलीवरून निघेल का. मी गूढ हसलो. मलाही चटकन आठवेना. पण पद्धतीत ते चालतं.
हेडमास्तर पंडित सरांनी विचारलं, पोर्शन कधी संपणार? म्हटलं, उत्तर तुम्हीच शोधा. तेव्हापासून बोलत नाहीत. विचार करत असावेत.

८ जानेवारी
मुलांचं उत्तर चाळीस फूट. मी घरी गुपचूप काढलेलं, सत्तावन्न. मुलांचंच चुकलं असणार. उद्या सकाळी वर जाऊन टेप सोडतो.

९ जानेवारी, सकाळी १०.२०. टाकीवर.
चढणं सोपं होतं. टेप हातातून निसटला. उतरायला पाय खाली सोडला, शिडीची पायरी लागेना, आणि नजर खाली गेली. आता पाइपाला मिठी मारून बसलोय. डायरी खिशात होती म्हणून बरं.

१०.५०
नववी खाली जमली. ओरडून सांगितलं, झुलाल शिपायाला बोलवा. कोणी हललं नाही. मोठ्यांना विचारायचं नाही ना! गोल करून चर्चा सुरू. मग मंजुळा वर बघत शांतपणे म्हणाली, "सर, तुमले काय माहीत शे?"
म्हटलं, उतरता येत नाही, एवढंच माहीत आहे.
"मंग काढानं काय शे?"
"मला," मी म्हणालो.

११.१५
जीप आली. पंडित सर इन्स्पेक्टर साहेबांना इकडेच घेऊन आले. मंजुळा मातीत आकृती काढून साहेबांना सावलीचं गणित समजावतेय. साहेब उकिडवे बसलेत. मी खोकलो. कोणी वर पाहिलं नाही.

संध्याकाळी
उतरलो. तोडगा मुलांचाच. वर्गातला पुना वर आला, माझे डोळे रुमालाने बांधले, आणि एकेक पाय धरून पायरीवर ठेवत खाली आणलं. साहेब तोवर गेले होते.

११ जानेवारी, शनिवार
पंडित सरांनी ऑफिसात बोलावलं. चहा सांगितला. साहेब फार खूश झालेत. मास्तर समोर नसताना मुलं एवढा विचार करतात, असा वर्ग संस्थेत दुसरा नाही म्हणे. मी म्हटलं, मग जळगाव? सर म्हणाले, तेच सांगतोय. असा माणूस रिटायर होईपर्यंत इथून हलवायचा नाही, अशी साहेबांची सूचना आहे.
त्यांनी हात मिळवला. मी थँक्यू म्हणालो.
मंजुळाचं चाळीस फूट हे उत्तर बरोबर निघालं, हेही सरांनीच सांगितलं.
नववीवर गेलो. मुलं फळ्याभोवती उभी होती, वाद चालू होता. कोणी मागे वळून पाहिलं नाही. शेवटच्या बाकावर जागा होती, तिथे बसलो.