शिंपीणबाईंची चक्कर

सोमवार, ४ मार्च

शिंपीणबाई पुन्हा दवाखान्यात! चक्कर, चक्कर आणि चक्कर. काल म्हणे ब्लाउजची बाही पाठीलाच जोडली. प्रेशर मोजलं — फारच खाली.

"प्रेशरची गोळी चुकून दोनदा घेत नाही ना?"

"मला काय वेड लागलंय, सिस्टर?"

डॉक्टरांनी त्यांची गोळी अर्धी केली. जाता जाता बाईंनी माझ्या युनिफॉर्मची उसवलेली शिवण चिमटीत धरून मलाच झापलं. पेशंट कोण, तेच कळेना.

गुरुवार, ७ मार्च

दिवसभर लसी. एक बाळ मला चावलं. बाळ ठीक आहे.

सोमवार, ११ मार्च

झोपण्याआधी हे लिहायलाच हवं.

शिंपीणबाई दवाखान्याच्या बाकावरच कोसळल्या! मी धावले, आडवं केलं, पाय उशीवर. डॉक्टर आतला पेशंट तसाच टाकून आले. प्रेशर इतकं खाली की मशीनवर विश्वास बसेना. हातानं पुन्हा मोजलं. तेच! डॉक्टर म्हणाले, "अर्ध्या गोळीनं इतकं? शक्य नाही."

तेवढ्यात दारातून कोणीतरी ओरडलं, "मीच दिल्या! माझ्या गोळ्या मीच दिल्या त्यांना!"

बघते तर बाबा. माझे सासरे! बाई पडल्याचं कळताच धावत आलेले — एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी गावभर सांगत फिरते, दुसऱ्याचं औषध घेऊ नका — आणि आमच्याच घरातून पुरवठा!

"त्यांचं डोकं जड व्हायचं," बाबा म्हणाले. "मला लागू पडतात, म्हटलं त्यांनाही पडतील."

दोघांची गोळी प्रेशरचीच. त्यांची स्वतःची, वर बाबांची. सलाईन लावलं. तासाभरानं बाईंनी डोळे नीट उघडले आणि पहिलं वाक्य — "अहो, पायात हे काय घालून आलात?"

डॉक्टर खोकल्याच्या निमित्तानं बाहेर गेले. हसत होते!

मंगळवार, १२ मार्च

रात्री बाबांवर फार चिडले होते. आज वाईट वाटतंय. सासूबाई गेल्यापासून बोलायला माणूस नाही त्यांना. बागेत बाईंची ओळख झाली. आधी गप्पा, मग गोळ्या.

दुपारी डॉक्टरांनी सगळ्यांना बसवलं. मला म्हणाले, "सिस्टर, आपण दोघांनी फक्त आपण दिलेल्या औषधाचं विचारलं. बाकी काय घेता, हे कोणी विचारलंच नाही." मग ठरलं — दर शुक्रवारी पेशंटनी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायची. मी बघायची, अडलं तर डॉक्टरांना हाक मारायची.

शुक्रवार, १५ मार्च

पहिला शुक्रवार! एका आजोबांच्या पिशवीत कुत्र्याच्या जंताच्या गोळ्या. "वाया कशाला घालवायच्या?" एका काकूंकडे एकच गोळी दोन नावांनी, दोन डॉक्टरांची. त्या दोन्ही घेत होत्या! डॉक्टरांना हाक मारली, एक तिथेच बंद केली. पाय दुखतायत, पण आजचा दिवस सार्थकी लागला.

रविवार, २४ मार्च

सकाळी बाबा स्वयंपाकघराच्या दारात बराच वेळ घुटमळले. मग घसा खाकरून म्हणाले, "सूनबाई, तुला सासू आणली तर चालेल का?"