वाटेवर ठेवलेली सॅक

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांची सद्यःस्थिती पाहता तो कागदावरच स्वीकारावास, प्रत्यक्ष घातला तर उठवायला दोन माणसे लागतील.) तुझा आखडलेला खांदा आता कुठवर वर जातो? वेणी घालता येऊ लागली असे मागच्या पत्रात होते, त्यावरून मी कोनाचा अंदाज बांधून ठेवला आहे. सुधारणा असल्यास कळव. भाऊजींचा खोकला गेला असेलच. आम्ही दोघेही ठीक आहोत. म्हणजे ही ठीक आहे, आणि खाली गेलेली मान सोडल्यास मीही ठीक आहे.

मान खाली का गेली, ते सांगण्यापूर्वी एक कोडे. ते तुझ्याही लक्षात आलेले असेल. दहापंधरा माणसे चढण चढत असतात. पुढची मंडळी एखाद्या सपाटीवर बसतात, पाणी पितात, बुटांतले खडे काढतात. मागचा माणूस धापा टाकत कसाबसा पोचतो, आणि तो पोचला रे पोचला की पुढचे कपडे झटकत उठतात, की चला, आले सगळे. म्हणजे विश्रांतीची ज्याला सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती सर्वांत कमी! असे का व्हावे? उत्तर फार सुंदर आहे. गटाची विश्रांती कुणाच्याही थकव्यावर ठरत नसून शेवटच्या माणसाच्या आगमनावर ठरते. तो आला की ती संपते. त्यामुळे त्याच्या वाट्याला तिचा नेमका शेवट येतो. यावर उपाय एकच, शेवटच्या माणसाने आपण पोचलो आहोत हे काही काळ लपवून ठेवणे. (सोबत आकृती जोडणार होतो, पण हिने पेन्सिल काढून घेतली.) हे एवढे सविस्तर सांगण्याचे कारण असे, की पुढचा सगळा अनर्थ याच कोड्यापायी घडला.

आमच्या भागात दर रविवारी डोंगर चढायला जाणाऱ्यांचा एक गट आहे. सकाळी निघायचे, वर जायचे, डबे खायचे, संध्याकाळी घरी. गटाचे म्होरके व्यवसायाने दंतवैद्य आहेत. समोरच्याचे तोंड उघडे असूनही तो उत्तर देऊ शकत नाही, याची त्यांना वर्षानुवर्षांची सवय असल्यामुळे ते उत्तराची वाट न पाहता बोलत राहतात. निवृत्त झाल्यावर माझ्या पायांना काम हवे आणि हिच्या कानांना सुट्टी हवी, म्हणून (कारणांचा हा क्रम माझा, हिचा उलटा आहे) आम्ही दोघांनी नावे घातली. आणि लगेच माझ्या मनात आले, की विहीणबाईंनाही न्यावे.

विहीणबाईंविषयी तुला मी काय सांगणार? शाळेत तुम्ही एका बाकावर बसलात, आमच्या लेकीचे स्थळही तूच जुळवलेस. पण व्याही गेल्यानंतर त्यांनी स्वतःला कसे कोंडून घेतले होते, ते तू लांबून ऐकलेस, आम्ही दोन गल्ल्यांच्या अंतरावरून पाहिले. भर दुपारी पडदे ओढलेले. दूधवाल्याशी बोलणे दाराच्या फटीतून. लेक आणि जावई परगावाहून रोज फोन करत आणि त्या रोज 'बरी आहे' एवढेच म्हणत. मी त्यांच्याकडे जाऊ लागलो आणि चालण्याचे फायदे मुळापासून समजावू लागलो. आधी फुप्फुसे घेतली, मग ऊन, मग पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर कसे ढकलतात ते. पोटऱ्या अर्ध्यावर आल्या असतानाच त्या म्हणाल्या, येते. हे माझ्या अध्यापनाचे यश आहे असे मी परवापरवापर्यंत समजत होतो.

आणि त्या खरोखर आल्या. नवे बूट घेतले. पहिल्या रविवारी गप्प होत्या. दुसऱ्या रविवारी त्यांनी हिच्या डब्यातले मागून खाल्ले. तिसऱ्या रविवारी दंतवैद्यांच्या कुठल्याशा विनोदावर हसल्या. विनोद अगदीच बेताचा होता, तरी हसल्या. त्या रात्री लेकीचा फोन आला तेव्हा ते हसणे तिने हिला तीनदा सांगायला लावले. ताई, हे सगळे आठवून मग पुढचे वाच.

चौथ्या रविवारी मला पद मिळाले. गटाच्या सर्वांत मागे चालणाऱ्याला आमच्याकडे 'शेपूट' म्हणतात. शेपटाच्या मागे कुणीही उरता कामा नये, एवढीच त्याची जबाबदारी. माझी गती पाहून ही निवड झाली असे ही म्हणते. माझ्या मते ती स्वभावातील काटेकोरपणामुळे झाली. असो. पायथ्याशी दंतवैद्यांनी नेहमीप्रमाणे नियम सांगितले. त्यांतला एक असा: वाटेत कुणाला आडोशाला जायचे झाल्यास त्याने आपली सॅक वाटेच्या मधोमध ठेवून जावे, आणि सॅक दिसली की शेपटाने मालक परत येईपर्यंत तिथेच थांबावे. हाका नाहीत, चौकशा नाहीत, कुणाला संकोच नाही. केवढी देखणी व्यवस्था आहे ही! परंतु ती मला त्या दिवशी संध्याकाळी कळली. सकाळी नियम चालू असताना मी शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीला विश्रांतीचे कोडे समजावून देत होतो. ती व्यक्ती म्हणजे विहीणबाई. त्या माझ्या खांद्यावरून मान उंच करून नियम ऐकण्याचा प्रयत्न करत होत्या, असे ही सांगते. मला वाटले, कोडे नीट कळावे म्हणून त्या पुढे झुकत आहेत.

अर्ध्या चढावर, वळणाच्या पलीकडे, वाटेच्या मधोमध मला एक निळी सॅक दिसली. उभी, व्यवस्थित, पट्टे आत दुमडलेले. मी थक्क झालो. माणसाने छत्री विसरावी, चष्मा विसरावा. पण पाठीवरचे ओझे चालता चालता विसरावे? मी ती उचलून छातीवर अडकवली. (एक ओझे पुढे आणि एक मागे असले की चालणे उलट सोपे जाते. त्याचे कारण गुरुत्वमध्यात आहे. ते निराळ्या पत्री.) शेवटचा माणूस असल्याचे सार्थक झाले, अशा भावनेने मी माथ्यावर पोचलो, सॅक दोन्ही हातांनी वर धरली आणि बसलेल्या मंडळींना विस्मरणाची कारणे या विषयावर थोडक्यात चार शब्द सांगितले. सगळे स्तब्ध झाले. ती स्तब्धता मी कुतूहलाची समजलो.

दंतवैद्यांच्या हातात अर्धवट सोललेले संत्रे होते. ते त्यांनी हळूच खाली ठेवले. "ही कुठे होती?" त्यांनी विचारले, आणि आयुष्यात प्रथमच बहुधा, उत्तराची वाट पाहिली. मी म्हणालो, वाटेत. तेवढ्यात हिने सॅककडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण ती नजर मी पूर्वी पाहिलेली नव्हती. पुन्हा पाहण्याची इच्छा नाही.

पाणी सॅकमध्ये, फोन सॅकमध्ये, चष्माही सॅकमध्ये. सगळा गट डबे तसेच टाकून खाली धावला. (पुढच्यामागच्यांना विश्रांती अगदी सारखी मिळाली, म्हणजे कुणालाच नाही; हे माझ्या तेव्हाही लक्षात आले, पण बोललो नाही, याची नोंद घ्यावीस.) दंतवैद्य शिट्टी फुंकत होते, ही नावाने हाका मारत होती, आणि मी रिकाम्या पोटाने, भरलेल्या सॅकसह, सर्वांच्या मागे. विहीणबाई सापडल्या त्या सॅक ठेवली होती नेमक्या त्याच जागी, कडेच्या दगडावर, हात मांडीवर ठेवून बसलेल्या. नियमाप्रमाणे त्या सॅकच्या जागीच परत आल्या होत्या. नियम मोडला होता तो मी. त्यांनी सॅक घेतली, चष्मा लावला, मला एकदा नीट पाहून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "चला."

ताई, त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. परतीच्या बसमध्ये सॅक मांडीवर होती आणि तिचा पट्टा त्यांनी मनगटाला गुंडाळून घेतला होता. मागच्या बाकावरून मी क्षमा मागायला सुरुवात केली. चूक नेमकी कशी घडली ते टप्प्याटप्प्याने मांडले. दुसऱ्या टप्प्यावर त्यांनी डोके दुखते असे सांगून डोळे मिटले.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मधल्या शनिवारी मी त्यांच्या खिडकीखाली उभा राहून आलो. पडदा ओढलेला होता. वर जायला मात्र पाय धजेनात. महाप्रयासाने बाहेर आलेल्या माणसाला मी पुन्हा आत लोटले, आणि तेही मदत करतो आहे अशा समजुतीने. मनावर ओझे होते, म्हणून लिहिले. मागणे काही नाही.

भाऊजींना नमस्कार सांगावास, आणि हे पत्र त्यांना न दाखवल्यास उपकार होतील.

तुझा,
मान खाली घातलेला धाकटा भाऊ

ता. क. १: मागणे एक आहे. तू चार दिवस येऊन जा. तुझ्या शब्दाबाहेर त्या जाणार नाहीत. रविवारी त्यांचा हात धरून त्यांना बसमध्ये बसव. मी गट सोडला असे त्यांना खुशाल सांग. तू सांगशील त्या क्षणापासून ते खरे धर.

ता. क. २: वरील मागणे रद्द समजावे. हिने पत्र वाचले (माझी पत्रे ती छाटणीसाठी वाचते), खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग जे न सांगण्याचे वचन दिले होते, ते सांगून टाकले. विहीणबाईंनी चालणे सोडलेलेच नाही. दंतवैद्य शनिवारीही एक गट नेतात. त्या त्यात जातात. हीसुद्धा जाते. मी समजत होतो की ही शनिवारी बाजारात जाते. बाजारातून येताना बुटांना एवढा चिखल कसा, हे मला उलगडत नव्हते. खिडकीचा पडदा ओढलेला असतो तो त्या घरी नसतात म्हणून. आणि शनिवारच्या गटाचे शेपूट आता त्याच आहेत. त्या दिवसाविषयी त्या हिला काय म्हणाल्या, तेही ऐक: "मी त्या दगडावर एकटी बसले होते ना, वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं बघा. कुणी काही समजावत नव्हतं."

माझी लाज यामुळे कमी झालेली नाही. तिची फक्त जागा बदलली आहे. तेव्हा सुधारित मागणे असे: त्यांना फोन करून विचार, की मी शनिवारी आलो तर चालेल का. त्यांच्या बऱ्याच पुढे चालेन, आणि तोंड फक्त डब्यासाठी उघडेन.

ता. क. ३: या प्रकरणातून एक सोपी चाचणी हाती लागली आहे, तिला ना उपकरण लागते ना आकृती. कुणी आपल्याशी बोलून थांबले, की स्वतः तोंड उघडण्यापूर्वी त्याचे शेवटचे वाक्य मनात जसेच्या तसे म्हणून पाहायचे. म्हणता आले तर आपण ऐकत होतो. नाही आले तर आपण केवळ आपली पाळी येण्याची वाट पाहत होतो. मी आत्ताच करून पाहिली. ही दारातून काहीतरी सांगून बाहेर पडली; त्यातले 'गॅस' आणि 'बरं का' एवढेच माझ्या हाती लागले आहे. तू भाऊजींवर करून पाहा, आणि काय आढळले ते कळव. थोडक्यात कळवलेस तरी चालेल.